मशवऱ्याची सुन्नत आणि बदलता व्यवसाय

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



दिव्य कुरआनच्या ४२ व्या सूरहचे नावच 'अश्-शूरा', म्हणजे सल्लामसलत, असे आहे. या सूरहच्या ३८ व्या आयतीत श्रद्धावंतांची काही लक्षणे सांगितली आहेत. ते आपल्या पालनकर्त्याच्या हाकेला ओ देतात, नमाज कायम करतात, त्यांचे व्यवहार परस्परांच्या सल्ल्याने चालतात आणि अल्लाहने दिलेल्या रोजीतून ते खर्च करतात, असा त्या आयतीचा आशय आहे. हा क्रम लक्षात घ्या. एका बाजूस नमाज, दुसऱ्या बाजूस दानधर्म आणि या दोन थोर इबादतींच्या मधोमध मशवरा. शिवाय ही सूरह मक्केत अवतरली. तेव्हा मुसलमानांच्या हाती ना राज्य होते, ना सैन्य, ना बाजारपेठ. म्हणजे सल्लामसलत ही केवळ राज्यकर्त्यांची रीत नव्हे, तर मूठभर गांजलेल्या माणसांच्या रोजच्या जगण्याचीही ती रीत असावी, अशी अपेक्षा आहे.

आपण मात्र मशवरा कोठे ठेवला आहे? मशिदीच्या कमिटीत, मुलीच्या लग्नाच्या बैठकीत, फार तर जमिनीच्या वाटणीत. आपली दुकाने, कारखाने, गॅरेज, शिलाईच्या खोल्या, मासळीचे व्यवहार येथे तो क्वचितच पोहोचतो. तेथे मालक सांगतो आणि नोकर ऐकतो. दिवस सुरळीत असतात तोवर हे खपूनही जाते. परंतु धंद्याचे स्वरूप बदलू लागले, नवे यंत्र आले, नवा कायदा आला, ग्राहकाची सवय पालटली, की हे मौन महागात पडते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. डोळ्यांदेखत घडलेली एक हकिगत सांगतो. तिच्यात माझाही थोडा दोष आहे.

बेकरीतील मौन

आमच्या मशिदीपासून हाकेच्या अंतरावर एक जुनी बेकरी आहे. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश दिला. तेव्हा शहरातील अनेक बेकऱ्यांप्रमाणे या बेकरीपुढेही प्रश्न उभा राहिला. मालक दीनदार माणूस. व्याजाचे कर्ज नको म्हणून त्यांनी घरातले दागिने मोडले, मेहुण्याकडून कर्जे-हसना घेतले आणि विटांची जुनी भट्टी पाडून गॅसवर चालणारी नवी भट्टी बसवली. दुआ करण्यासाठी मला बोलावणे आले. मी गेलो, तिलावत केली, बरकतीची दुआ मागितली, पेढा तोंडात टाकला आणि परतलो. कोपऱ्यात उभे असलेले जुने कारागीर, ज्यांना सगळे 'उस्ताद' म्हणतात, त्यांनी पेढा हातातच धरून ठेवला होता. ते मी पाहिले. पण त्यांना काही विचारले नाही.

दोन महिन्यांनी मालक इशाच्या नमाजनंतर माझ्यापाशी बसले. चेहरा उतरलेला होता. पाव वरून करपतो, आतून चिकट राहतो. वडापाववाले माल परत पाठवतात. दोन हॉटेलांनी दुसरीकडून पाव घ्यायला सुरुवात केली आहे. एक तरुण कारागीर काम सोडून गेला आहे. "मौलाना, या लोकांना बदल नकोच आहे," ते म्हणाले. "मुद्दाम करतात. येत्या जुम्याला कामगारांच्या जबाबदारीवर बयान करा. मालकाच्या नुकसानीचा हिशेब द्यावा लागतो, हे त्यांना कळू द्या."

बयान करण्यापूर्वी उस्तादांना भेटावे, एवढी बुद्धी अल्लाहने दिली. दुसऱ्या दिवशी जुहरनंतर ते मशिदीच्या पायरीवर भेटले. रत्नागिरीकडचे, साठी ओलांडलेले, पोरवयात मुंबईला येऊन भट्टीसमोर उभे राहिलेले. मी विषय काढला. ते शांतपणे सांगू लागले. विटांची भट्टी उष्णता पोटात साठवते आणि हळूहळू सोडते, म्हणून पाव सावकाश फुगतो. नव्या भट्टीत पंख्याने गरम हवा फिरते. ती कोरडी हवा पावाची साल आधीच आवळून टाकते. आतल्या पावाला फुगायला जागा उरत नाही. आच कमी ठेवायला हवी, सुरुवातीला आत पाण्याचे भांडे ठेवून वाफ द्यायला हवी आणि पीठ थोडे सैल मळायला हवे.

"चाचा, हे तुम्हाला केव्हा कळले?"

"तिसऱ्या दिवशी."

"मग सांगितले का नाही?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मौलाना, विचारले कोणी?"

बंधूंनो, मी घरी परतलो तो मान खाली घालून. कारण तीन महिन्यांपूर्वी मीही आमच्या मकतबमधील मुलांचा कायदा आणि वर्गांच्या वेळा बदलल्या होत्या. तेथे पंधरा वर्षे मुलींना शिकवणाऱ्या आपांना मी छापील वेळापत्रक हातात दिले होते. त्यांनी ते घडी करून पर्समध्ये ठेवले आणि "ठीक आहे" एवढेच म्हटले. मला वाटले, त्यांना मान्य आहे.

खजुरीच्या झाडावरील माणसे

'विचारले कोणी?' या प्रश्नाचे उत्तर शोधायला अल्लाहच्या प्रेषितांच्या (स.) जीवनाइतकी चांगली जागा दुसरी नाही. सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आहे. मदीनेत काही लोक खजुरीच्या झाडांवर चढून नराचा फुलोरा मादीच्या फुलोऱ्यावर घालत होते. प्रेषितांनी (स.) विचारले आणि त्याचा फारसा उपयोग होत असेल असे वाटत नाही, असे मत दिले. लोकांनी ते काम सोडून दिले. त्या हंगामात फळ नीट आले नाही. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, ते माझे केवळ एक अनुमान होते, आपल्या या दुनियेच्या कामातले तुम्ही अधिक जाणता. अल्लाहकडून आलेली गोष्ट सांगेन तेव्हा मात्र ती घट्ट धरा.

हा प्रसंग आपण नेहमी दीन व दुनियेच्या मर्यादा समजावताना सांगतो. आज त्यातील दुसरी बाजू पाहू. ज्यांच्यावर ईशवाणी उतरत होती, ज्यांच्या शब्दावर माणसे प्राण द्यायला तयार होती, त्यांनी झाडावर चढलेल्या माणसाच्या ज्ञानाला सर्वांसमोर मान दिला आणि आपले अनुमान लागू पडले नाही, हे सांगण्यात त्यांना किंचितही कमीपणा वाटला नाही. मग ज्याच्याकडे फक्त गुंतवलेला पैसा आहे, अशा मालकाला आपल्या कारागिराला विचारण्यात कमीपणा का वाटावा? हाताने काम करणाऱ्याचे ज्ञान त्याच्या बोटांत असते. ते कोणत्याही यंत्राच्या माहितीपुस्तकात छापलेले नसते. विचारल्याशिवाय ते बाहेर येत नाही.

खंदकातील माती

हिजरीच्या ५ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ६२७ मध्ये, कुरैश आणि त्यांच्या मित्रटोळ्यांची सुमारे दहा हजारांची फौज मदीनेवर चालून आली. मुसलमान होते सुमारे तीन हजार. मदीनेच्या बाकी बाजूंना खडकाळ पठारे, खजुरीच्या दाट बागा आणि घरांची दाटी होती. उत्तरेकडची बाजू मात्र उघडी होती. सीरतच्या ग्रंथांत येते की, त्या वेळी हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी आपल्या देशातील रीत सांगितली. फारसमध्ये घोडदळाची भीती असली, की आम्ही शहराभोवती खंदक खणतो, असे ते म्हणाले. अरबस्तानात असे कोणी कधी लढले नव्हते. शत्रू खंदकापाशी येऊन थबकला, तेव्हा ही अरबांची चाल नव्हे, असेच उद्गार त्याच्याही तोंडून निघाले.

हा सल्ला देणारे कोण होते, हे पाहा. परका देश, परकी भाषा, ना टोळीचा आधार, ना घराण्याचे नाव. गुलामीमुळे ज्यांना बद्र आणि उहुदमध्ये सामील होता आले नव्हते, असे हे सलमान (रजि.) होते. नुकत्याच मुक्त झालेल्या माणसाची तोंड उघडण्याची हिंमत झाली, कारण येथे आपले ऐकले जाईल, याची खात्री त्यांना आधीपासून होती. ही खात्री संकटाच्या दिवशी निर्माण करता येत नाही. त्यांच्या मुक्ततेच्या करारात खजुरीची तीनशे रोपे लावून देण्याची अट होती, तेव्हा प्रेषितांनी (स.) साथीदारांना रोपे आणायला सांगितले आणि स्वतःच्या हातांनी ती लावली होती. ज्याने आपल्या सुटकेसाठी हात मातीत घातले, त्याच्यासमोर माणूस मन मोकळे करतो.

पुढचा भाग याहूनही महत्त्वाचा आहे. निर्णय झाल्यावर खणायचे कोणी? सहीह बुखारीत हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांचे कथन आहे की, प्रेषित (स.) स्वतः माती वाहत होते आणि त्यांच्या पोटाची त्वचा धुळीने झाकून गेली होती. हजरत जाबिर (रजि.) सांगतात की, खणताना एक कठीण खडक लागला, प्रेषित (स.) उठले, तेव्हा भुकेमुळे त्यांच्या पोटावर दगड बांधलेला होता. तीन दिवस कोणाच्या पोटात अन्न गेले नव्हते. जाबिर (रजि.) यांनी घरी एक लहानसे करडू कापले, थोडेसे जव दळले आणि हळूच येऊन विनंती केली की, आपण एक-दोघांसह जेवायला यावे. प्रेषितांनी (स.) मात्र खंदकावरील सगळ्यांना हाक मारली. अल्लाहने त्या अन्नात अशी बरकत दिली की, हजार माणसे जेवून उठली.

मालक आणि व्यवस्थापक बंधूंनो, येथे जरा थांबा. नवे यंत्र आले, की पहिले आठवडे कष्टाचे असतात. माल बिघडतो, वेळ जास्त लागतो, बोटे सरावलेली नसतात. त्या दिवसांत आपण कोठे असतो? काचेआड बसून नुकसान मोजत असतो, की पिठाने माखलेले हात घेऊन कामगारांशेजारी उभे असतो? पोटावरचा दगड सर्वांचा सारखा असेल, तर माणसे खडकही फोडतात. नाही तर त्यांना मऊ मातीही जड वाटते.

खंदकाच्या पुढच्याच वर्षी, हिजरी ६ मध्ये, हुदैबियाच्या तहानंतर असा क्षण आला की, कुर्बानी करून डोकी मुंडवण्याचा आदेश तीनदा दिला गेला आणि दुःखाने सुन्न झालेल्या सहाबांपैकी (रजि.) एकही उठला नाही. उम्राह न करता परतायचे, हा बदल त्यांच्या मनाला पेलवत नव्हता. प्रेषित (स.) तंबूत आले आणि त्यांनी ही गोष्ट उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांना सांगितली. त्यांनी सुचवले की, बाहेर जावे, कोणाशी काही न बोलता आपली कुर्बानी करावी आणि न्हाव्याला बोलावून डोके मुंडवावे. प्रेषितांनी (स.) तसे केले, तेव्हा सारे उठले. सल्ला एका स्त्रीचा होता, तो मानला गेला. आणि माणसे चौथ्या आदेशाने उठली नाहीत, पुढाऱ्याची कृती पाहून उठली.

पूर्वीच्या नमाजांचे काय?

मदीनेत आल्यावर सोळा-सतरा महिने मुसलमान बैतुल मक्दिसकडे तोंड करून नमाज अदा करीत होते. मग काबागृहाकडे वळण्याचा आदेश आला. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) सांगतात की, कुबामध्ये लोक फज्रच्या नमाजमध्ये उभे होते, एक माणूस आला, त्याने बातमी दिली आणि ते सारे नमाजमध्येच वळले. एकाच माणसाची बातमी आणि अख्खी रांग फिरली! इतका मोठा बदल इतक्या सहज कसा झाला? कारण सांगणाऱ्यावर आणि ज्यांच्याकडून ते आले त्यांच्यावर विश्वास होता. विश्वास आधी साठवावा लागतो. बदलाच्या दिवशी तो खर्च होतो.

परंतु वळल्यानंतर लोकांच्या मनात एक हुरहुर उरली. जे बांधव जुन्या दिशेने नमाज अदा करीत मृत्यू पावले, त्यांच्या नमाजांचे काय? त्या वाया गेल्या का? सूरह अल-बकरहच्या १४३ व्या आयतीत याचे उत्तर आले. अल्लाह तुमची श्रद्धा वाया घालवणार नाही, तो माणसांवर अत्यंत मायाळू व दयाळू आहे, असा तिचा आशय आहे. सर्वशक्तिमान अल्लाहने नवी दिशा दिली आणि त्याचबरोबर जुन्या दिशेने केलेल्या इबादतीला अभयही दिले.

आता उस्तादांच्या हातातील तो न खाल्लेला पेढा आठवा. भट्टी पाडताना आजूबाजूचे काय बोलत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितले. "धुराची कटकट गेली, जुना कचरा गेला." त्यांनी आयुष्याची सारी उमेदीची वर्षे त्या 'कचऱ्या'समोर काढली होती. भट्टीत क्षणभर हात धरून आच ओळखण्याची त्यांची विद्या एका दिवसात निकामी झाली होती. हवा स्वच्छ व्हावी, हे योग्यच. शेजारच्या मुलांच्या छातीत धूर जाऊ नये, हीसुद्धा शेजाऱ्याच्या हक्काचीच बाब आहे. पण कोणी एकाने जरी म्हटले असते की, 'उस्ताद, या भट्टीने आणि तुमच्या हातांनी आमचे घर चालवले. अल्लाह तुमचे कष्ट वाया घालवणार नाही. आता ही नवी भट्टी तुम्हीच आम्हाला शिकवा,' तर तिसऱ्या दिवशीच पाव सुधारला असता. माणूस बहुधा बदलाला विरोध करीत नसतो. आपले सारे आयुष्य चुकीच्या दिशेने गेले, असे ठरवले जाण्याला तो विरोध करीत असतो.

उहुदनंतरचा आदेश

काही वाचक म्हणतील, मौलाना, आम्ही विचारले होते. कामगारांच्या सांगण्यावरून निर्णय घेतला आणि बुडालो. आता पुन्हा विचारायचे का?

याचे उत्तर उहुदमध्ये आहे. हिजरी ३ मध्ये कुरैश चालून आले, तेव्हा प्रेषितांचे (स.) मत शहरात राहून लढावे असे होते. बद्रमध्ये संधी न मिळालेल्या उत्साही लोकांनी, विशेषतः तरुणांनी, बाहेर जाऊन लढण्याचा आग्रह धरला. प्रेषितांनी (स.) त्यांचे मत मान्य केले. पुढे काय झाले, ते आपण जाणता. टेकडीवर नेमलेल्या पन्नास तिरंदाजांपैकी बहुतेकांनी आदेश मोडून जागा सोडली. हजरत हमजा (रजि.) यांच्यासह सत्तर सहाबा शहीद झाले. प्रेषितांचा (स.) चेहरा रक्तबंबाळ झाला.

या जखमा ओल्या असतानाच्या आयती सूरह आले-इमरानमध्ये आहेत. आपल्या मनाला वाटेल की, आता आदेश येईल, यापुढे कोणाला विचारू नका. १५९ व्या आयतीचा आशय नेमका उलट आहे. अल्लाहच्या कृपेने तुम्ही यांच्याशी मृदू राहिलात. तुम्ही कठोर असता, तर हे तुमच्यापासून पांगले असते. तेव्हा यांना माफ करा, यांच्यासाठी क्षमायाचना करा आणि कामांत यांचा सल्ला घेत राहा. मग निश्चय केलात, की अल्लाहवर भरवसा ठेवा.

आधी क्षमा, मग पुन्हा मशवरा, मग निश्चय, मग तवक्कुल. या चार पायऱ्यांपैकी आपण सहसा शेवटच्या दोनच चढतो. मनाशी ठरवतो आणि 'अल्लाह मालिक' म्हणून मोकळे होतो. ज्या कामाच्या जागी चुकीला क्षमा नसते, तेथे चूक लपवली जाते. आणि लपलेली चूक सुधारता येत नाही. हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे प्रेषितांची (स.) सेवा केली. त्यांची साक्ष अशी की, या काळात त्यांनी मला कधी 'उफ्' म्हटले नाही आणि हे का केले, ते का केले नाही, असे कधी विचारले नाही. दहा वर्षांत त्या मुलाच्या हातून काही सांडले नसेल, काही विसरले नसेल, असे थोडेच आहे?

मशवरा म्हणजे मात्र बहुमताची ओढाताण नव्हे. उहुदच्या वेळी लोकांना पश्चात्ताप होऊन ते मत बदलू लागले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकदा चढवलेले चिलखत उतरवले नाही. सर्वांचे ऐकावे, निर्णय जबाबदार माणसाने घ्यावा आणि घेतल्यावर सर्वांनी तो मनापासून पार पाडावा.

जे बदलत नाही

बदल स्वीकारणे याचा अर्थ सारेच बदलणे असा नव्हे. भट्टी बदलेल, हिशेबाची वही जाऊन संगणक येईल, गल्ल्याऐवजी पैसे मोबाईलवर जमा होतील. पण वजनात खोट करणाऱ्यांना सूरह अल-मुतफ्फिफीनने दिलेला इशारा डिजिटल काट्यालाही लागू आहे. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण बँकेतून पगार होऊ लागला म्हणून जुनी होत नाही. नमाजची वेळ नव्या पाळीतही नमाजचीच वेळ आहे. हाताखालची माणसे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्यावर पेलणार नाही असा भार टाकू नका आणि टाकलाच तर स्वतः मदत करा, ही हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेली हदीस यंत्र आल्यावर तर अधिकच लागू होते. जेथे ठाम पाया असतो, तेथेच माणसे निर्धास्तपणे भिंती हलवू देतात. आपला पगार, आपली इज्जत आणि आपली इबादत सुरक्षित आहे, हे ज्याला ठाऊक असते, तो नवे काम शिकायला घाबरत नाही.

आणि खरोखरच यंत्रामुळे एखाद्याचे काम संपणार असेल, तर ते त्याच्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत लपवणे ही अमानतीतील खोट आहे. त्याला वेळेवर सांगा, दुसरे काम शिकवा, दुसरीकडे शब्द टाका. आज ना उद्या ते घडणारच होते, हे खरे असले, तरी त्याच्या घरातील चूल त्याने पेटत नाही.

आपण काय करावे?

मालक बंधूंनी आठवड्यातून एकदा, असरनंतर अर्धा तास का होईना, सर्वांसोबत बसावे. स्वतः शेवटी बोलावे. सर्वांत लहान मुलाला आधी विचारावे, कारण मोठे बोलून गेल्यावर लहान बोलत नाहीत. काही नवे आणायचे असेल, तर पैसे देण्यापूर्वी विचारावे; पैसे देऊन झाल्यावर विचारणे म्हणजे मशवरा नव्हे, ती सूचना झाली. सल्ला मानता आला नाही, तर का मानला नाही, ते सांगावे.

काम करणाऱ्या बंधू-भगिनींनो, आपलीही जबाबदारी आहे. दीन म्हणजे हितचिंतन, असे प्रेषितांनी (स.) शिकवले आहे. नुकसान दिसत असताना, कोणी विचारले नाही म्हणून गप्प राहणे, हे मानी मनाला बरे वाटते. पण ज्या कामाचा पगार आपण घेतो, त्यात ही खोट राहते. उस्तादांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "हे माझ्याकडून चुकले."

आणि हे घरातही आणा. आखातातून परतलेला मुलगा वडिलांच्या दुकानात नवी पद्धत आणू पाहतो आणि बाप-लेकांत अबोला धरला जातो. मुलाने वडिलांच्या चाळीस वर्षांना 'जुने' म्हणू नये; वडिलांनी मुलाच्या नव्याला 'पोरखेळ' म्हणू नये. मदीनेच्या तरुणांचे मत ऐकले गेले आणि सलमान (रजि.) यांच्या देशोदेशी फिरलेल्या अनुभवाचेही ऐकले गेले.

त्या जुम्याला मी बयान केले, पण विषय बदलला. मशवऱ्यावर बोललो आणि मकतबमध्ये मी काय केले होते, तेही मिंबरवरून सांगितले. नमाजनंतर आपांना निरोप पाठवून माफी मागितली. त्यांनी वेळापत्रकात चार दुरुस्त्या सुचवल्या. चारही मला सुचल्या नव्हत्या. बेकरीचे मालक त्याच संध्याकाळी पिठाच्या पोत्यावर उस्तादांच्या शेजारी बसले. आज पाव वेळेवर निघतो. एक हॉटेल परत आले, दुसरे आले नाही. काम सोडून गेलेला तरुणही परतला नाही. पूर्वीच्या भट्टीची चव येत नाही, असे उस्ताद अजूनही म्हणतात, आणि ते खरेही असेल. पण आता ते मोठ्याने म्हणतात आणि मालक ऐकून घेतात.

वाचकहो, हे वाचून झाल्यावर एक काम करा. आपल्या हाताखालचा, आपल्या घरातला, सर्वांत कमी बोलणारा माणूस आठवा. उद्या त्याच्यापाशी बसा आणि विचारा. कदाचित तिसऱ्या दिवसापासून तो उत्तर घेऊन वाट पाहत असेल.

हे अल्लाह, आमच्या रोजीत बरकत दे, आमच्या अंतःकरणांतून कठोरपणा काढून टाक, आमच्या हाताखालच्यांना आमच्यापासून निर्भय कर आणि आम्हाला तुझ्यापासून निर्भय होऊ देऊ नकोस. जे बदलायला हवे, ते बदलण्याची नम्रता दे आणि जे राखायला हवे, ते राखण्याचे बळ दे. ज्यांच्या हातांतील विद्या काळाने मागे टाकली, त्यांचे कष्ट तुझ्यापाशी जतन कर. आमीन.